'डेटा ॲनालिसिस'चं बटण माझ्याकडेच का नाही?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टच्या वेळी सर म्हणाले, "एक्सेलमध्ये डेटा टॅबवर जा, डेटा ॲनालिसिस दाब आणि ॲनोव्हा कर." मी गेले, तर बटणच नाही! आपलं व्हर्जन जुनं असेल असं समजून दीड दिवस हाताने सूत्रं टाकत बसले.

बटण होतं, फक्त झाकलेलं होतं. तुम्हालाही दिसत नसेल तर विंडोजवर फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स असं जा, खाली 'एक्सेल ॲड-इन्स' निवडून 'गो' दाबा आणि ॲनालिसिस टूलपॅकवर टिक करा. सॉल्व्हरही त्याच यादीत आहे.

पण मुळात झाकतात कशाला? यावर १९८४ चा एक छान पेपर आहे. आयबीएममधल्या जॉन कॅरोल आणि कॅरोलाइन कॅरिथर्स यांनी एका वर्ड प्रोसेसरची नवशिक्यांसाठी वेगळी आवृत्ती केली. लहान मुलांच्या सायकलला मागे दोन छोटी चाकं लावतात ना, तीच कल्पना. मेनूत पर्याय दिसायचे, पण पुढचं काही निवडलं की 'हे इथे उपलब्ध नाही' एवढाच संदेश यायचा. या लोकांचं काम लवकर झालं, चुका निस्तरण्यात वेळ कमी गेला आणि नंतरच्या चाचणीत त्यांना सिस्टीमही जास्त समजलेली दिसली. मला हा शेवटचा निष्कर्ष सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भलत्याच ठिकाणी अडकलेला माणूस शिकत नसतो, तो परत यायची वाट शोधत असतो.

मात्र एक फरक लक्षात घ्या. त्यांनी पर्याय अडवले होते, अदृश्य केले नव्हते. अडवलेली गोष्ट निदान 'आहे' हे कळतं. झाकलेली गोष्ट नाहीच असं वाटतं. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये कमी वापरातले पर्याय आपोआप लपवणारे मेनू आणले. काल दिसलेला पर्याय आज गायब! ऑफिस २००७ मध्ये रिबन आली.

विंडोज फाइलचं एक्स्टेन्शनही असंच लपवतं. २००० साली 'आय लव्ह यू' व्हायरस पसरला तो याचाच फायदा घेऊन: फाइलचं शेवटचं 'व्हीबीएस' दिसायचं नाही, लोक साधी टेक्स्ट फाइल समजून उघडायचे. तुमचं नुकसान एवढं मोठं नसेल. 'रीडिंग्ज' या टेक्स्ट फाइलला तुम्ही पुढे 'डॉट सीएसव्ही' जोडता, खरं नाव होतं 'रीडिंग्ज डॉट सीएसव्ही डॉट टीएक्सटी', आणि पायथन म्हणतं फाइलच सापडत नाही. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये शो, मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. हे आजच चालू करून टाका.