माळावरची पिद्दी

उर्दूत एक म्हण आहे, ‘क्या पिद्दी और क्या पिद्दी का शोरबा’. कुणाची ऐपत काढायची असली की ती घराघरांत सहज तोंडावर येते. एवढीशी पिद्दी, तिचा रस्सा तो केवढा होणार! आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवतो. ही म्हण फळ्यावर लिहिली की दरवर्षी एखादे मूल विचारतेच, “पण पिद्दी म्हणजे नक्की कोणता पक्षी?” शब्दकोश उघडावा, तर चिमणीसारखे एक लहान पाखरू, एवढ्यावर काम भागवलेले असते. म्हणून मग आम्ही मुलांना माळाकडे नेतो. औंधच्या आसपास पिद्दी म्हणावे असे एक नाही, चांगले पाच-सहा जातींचे पाखरू गवतात आणि झुडपांत राहते.

मराठीत यांना वटवट्या म्हणतात, उर्दू-हिंदीत फुदकी. मराठी माणसाने त्याची अखंड बडबड ऐकली आणि नाव ठेवले. उर्दू बोलणाऱ्याने त्याचे फुदकणे पाहिले आणि नाव ठेवले. रंगाच्या भानगडीत दोघेही पडले नाहीत. शहाणपणाचेच केले म्हणायचे, कारण अंग तपकिरी किंवा राखी, पोट फिकट, वजन दोन चमचे साखरेइतके, आणि शेपटी उभी धरून सारखी हलवायची खोड. नुसता रंग पाहून ओळखू गेलात तर दिवस जाईल. राहण्याची जागा आणि आवाज, या दोन गोष्टी धरल्या तर मात्र महिन्याभरात ओळख पटते.

औंध म्हटले की लोकांना यमाईचा डोंगर, त्यावर जाताना लागणारे संग्रहालय आणि पंतप्रतिनिधींचे संस्थान आठवते. हे संस्थान बहात्तर गावांचे, पण सलग नव्हते. औंध आज सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. नकाशावर तुकडे विखुरलेले होते, तरी औंधपासून माणदेश ओलांडून आटपाडीपर्यंत जमिनीची जात बरीचशी एकच. सह्याद्रीवर रिकामे होऊन आलेले ढग इथे थोडेच बरसतात. खडकाळ, उथळ माती, त्यावर कुसळी आणि पवन्या, मधे मधे बोर, हिवर, तरवड. या गवतावर मेंढ्यांचे कळप जगले आणि खिल्लार बैल पोसले गेले. वटवट्यांचे घरही हेच.

घराला सर्वांत जवळचा तो राखी वटवट्या. गावातल्या परसात, शाळेच्या कुंपणाच्या मेंदीत, शेवग्याखालच्या झुडपात तो असतो. पाठ राखाडी, पोट तांबूस पिवळट, डोळा तांबडा. उडाला की टिक्‌ टिक्‌ असा चुटकी वाजवल्यासारखा आवाज येतो. पावसाळ्यात तो रुंद पानांच्या झुडपात दोन-तीन पाने कोळ्याच्या धाग्याने एकमेकांना शिवतो आणि त्या पिशवीत गवताचे मऊ अस्तर घालतो. शिवणकामात त्याचा भाऊबंद म्हणजे शिंपी पक्षी, आणि दोघांचे नाते खरोखरच जवळचे आहे. राखी वटवट्याची अंडी चकचकीत, विटेच्या तांबड्या रंगाची. परसातल्या झाडाची पाने अशी जोडलेली दिसली तर कीड लागली असे समजून ती तोडू नका, एवढी विनंती आम्ही मुलांच्या आयांना नेहमी करतो. आत घर असू शकते.

साधा वटवट्या नावाप्रमाणेच साधा. फिकट मातकट, डोळ्यावर पांढुरकी भुवई, लांब शेपूट. तो गावापासून थोडा दूर, ज्वारीच्या ताटांत, ओढ्याकाठच्या उंच गवतात, उसाच्या बांधावर राहतो. याची अंडी निळसर हिरवी, त्यांवर तपकिरी डाग. डोंगराच्या उतारावर, जिथे खडक आणि काटेरी झुडपे जास्त, तिथे रान वटवट्या भेटतो. हा या सगळ्यांत अंगाने थोराड. झुडपाच्या शेंड्यावर बसून असा मोठ्याने ओरडतो की एवढ्या छातीत एवढा दम आला कुठून असे वाटावे. त्याहून कोरड्या, उघड्या माळावर, माण आणि आटपाडीकडे, कपाळ तांबूस असलेला एक वटवट्या आहे. तो जोडीपेक्षा टोळीने हिंडतो, शेपटी पसरली की टोकाला पांढरे दिसते. त्याचे राज्य पाकिस्तानपासून पश्चिम आणि मध्य भारताच्या कोरड्या पट्ट्यात. ओलसर, हिरवागार मुलूख त्याला मानवत नाही.

आणि सर्वांत लहान तो गवतातला सिस्टिकोला. त्याच्यासाठी मुलांच्या तोंडी रुळलेले मराठी नाव नाही, म्हणून आम्ही शास्त्रीय नावच वापरतो. लांबी जेमतेम बोटाएवढी, म्हणजे दहा-अकरा सेंटीमीटर. पाठीवर गडद रेघा, आखूड शेपूट पंख्यासारखी उघडणारी. आठ महिने तो आहे की नाही हेही कळत नाही. जून-जुलैत गवत गुडघाभर झाले की नर हवेत चढतो आणि वर-खाली हेलकावे घेत माळावर चकरा मारतो. प्रत्येक हेलकाव्याला एक ‘झिट्‌’. जुन्या शिलाई मशीनचे चाक हाताने हळू फिरवले की टाक्यागणिक जसा आवाज येतो, अगदी तसा. त्याचे घरटे पाहायला मिळणे नशिबाची गोष्ट. उभी, जिवंत गवताची पाती कोळ्याच्या जाळ्याने बांधून नर खोलगट पिशवीसारखा सांगाडा करतो. मादीला तो पसंत पडला तर आतले अस्तर ती घालते. नर असे बरेच सांगाडे बांधून ठेवतो, आणि एका हंगामात त्याच्या एकापेक्षा जास्त माद्या असू शकतात. कधी कधी वटवट्यांच्या आणि याच्या घरट्यांत कारुण्य कोकिळा आपले अंडे टाकून जाते आणि हे बिचारे आपल्याहून कितीतरी मोठे पिल्लू भरवत बसतात.

या एवढ्याशा सिस्टिकोलाचा पसारा पाहून आम्ही थक्क झालो. स्पेन, इटली, आफ्रिका, भारत, आग्नेय आशिया आणि थेट उत्तर ऑस्ट्रेलिया. १८१० साली राफिनेस्क नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते सिसिली बेटावरून. वटवट्यांचे तसे नाही. राखी आणि साधा, या दोघांना शास्त्रीय नाव मिळाले ते आपल्याच मुलखातून. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. लोकसंख्या, शेती, पाऊस यांच्या आकड्यांबरोबर त्याने पक्षीही टिपले आणि १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये छापली. त्या यादीत आपले हे दोन वटवटे जगाला पहिल्यांदा नावानिशी भेटले.

सिस्टिकोलाच्या वंशात एक नाव आपल्या वाचकांना अभिमान वाटावा असे आहे. मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबात १८९६ साली जन्मलेले सलीम अली त्रावणकोर-कोचीन भागाची पक्षी-पाहणी करून आले, त्यानंतर ह्यू व्हिसलर या अभ्यासकाने १९३६ मध्ये नैर्ऋत्य भारतातल्या सिस्टिकोलाच्या उपजातीला ‘सलीमअलीआय’ असे नाव दिले. सलीम अलींच्या नावाचा वटवाघूळ आहे, हिमालयातला एक कस्तुर आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. बोटभर पाखरालाही त्यांचे नाव आहे, हे फारसे कुणी सांगत नाही.

सलीम अलींनी डिलन रिपले यांच्याबरोबर भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यात ही सगळी लहान पाखरे माशीमार पक्ष्यांच्या मोठ्या कुळात एका पोटकुळाखाली आहेत. त्या काळी दिसणे, चोच, पंख, आवाज यांवरूनच नाते ठरवायचे. एका गल्लीत राहतात, सारखे कपडे घालतात, म्हणजे एकाच खानदानातले असणार, असा तो हिशेब होता. पुढे डीएनए तपासता येऊ लागला आणि शजरा, म्हणजे वंशावळ, नव्याने लिहावा लागला. वटवटे, शिंपी आणि सिस्टिकोला यांचे आता स्वतंत्र कूळ आहे, सिस्टिकोलिडी. त्यात सुमारे १६० जाती, आणि बहुतेक आफ्रिकेत. हिवाळ्यात आपल्या बाभळींवर येणारे हिरवट पर्णवटवटे दुसऱ्या कुळात गेले. साइक्सचे नाव लागलेला हिवाळी पाहुणा बोरू वटवट्यांच्या कुळात गेला. पावसाळ्यात सह्याद्रीच्या गवताळ माथ्यांवर गाणारा रुंद शेपटीचा गवती पक्षी चौथ्याच कुळातला निघाला. सिंधू नदीकाठच्या गवतात राहणारा एक पक्षी तर कितीतरी वर्षे वटवट्या म्हणून वावरला. तपासणीत तो सातभाईंच्या गणगोतातला ठरला. सारखे राहणीमान सारखे रूप देते, रक्ताचे नाते असो वा नसो. मुलांना हा भाग फार आवडतो, आपापल्या चुलत-मावस भावंडांची उदाहरणे लगेच सुरू होतात.

आता थोडे कडू. ज्या जमिनीवर हे सगळे चालते, तिला आपल्याकडे पडीक म्हणतात. ‘वेस्टलँड अ‍ॅटलास’ नावाचे सरकारी प्रकाशन आहे, त्यात झुडपी माळ आणि खराब झालेली चराऊ कुरणे ओसाड जमिनीच्या हिशेबात धरली जातात. एकदा ओसाड ठरली की तिचे काहीतरी ‘करायला’ हवे असे प्रत्येकाला वाटते. पावसाळ्याच्या तोंडाला शाळांना, मंडळांना रोपे मिळतात. जुलैत मुलांच्या हातात कुदळी देऊन माळावर खड्डे घेतले जातात. तो नेमका घरट्यांचा महिना. गिरिपुष्प आणि सुबाभूळ पटकन वाढतात, फोटोत हिरवे दिसतात, पण त्यांच्या सावलीत कुसळी टिकत नाही. मेंढ्यांना चारा कमी, आणि सिस्टिकोला तर गेलाच. झाडे नकोत असे आम्ही म्हणणार नाही. ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, गावठाणात लावावी तेवढी थोडी. पण गवताचा माळ म्हणजे झाडे लावायची राहून गेलेली जागा, ही समजूत आम्हाला पटत नाही. तो तसाच पूर्ण आहे.

पाण्याचेही तसेच. टेंभू योजनेचे पाणी आटपाडीकडे आले, जिहे-कठापूरचे खटाव-माणकडे. पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिलेल्या लोकांना त्याचे मोल आम्ही काय सांगावे? पाण्यामागून ऊस आला, आणि साधा वटवट्या उसाच्या बांधावर खुशीत राहतो. तांबड्या कपाळाच्या वटवट्याला मात्र नांगरलेला माळ उपयोगाचा नाही. यातले एकही पाखरू धोक्यातल्या पक्ष्यांच्या जागतिक यादीत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कुणी आवाज उठवत नाही. माळढोकासाठी सोलापूरच्या नान्नजला १९७९ साली अभयारण्य झाले. वटवट्यासाठी कोण करणार?

एका जागेबद्दल मात्र आपल्या समाजाच्या हातात काही आहे. आमच्या भागात चराईचा आणि नांगराचा उपद्रव न झालेले गवत बऱ्याचदा एकाच ठिकाणी उरलेले दिसते, कब्रस्तानात. भिंत किंवा काट्यांचे कुंपण असल्याने जनावर शिरत नाही, माणसांची वर्दळ कमी. पावसाळ्यात तिथे गवत कमरेपर्यंत येते आणि बोरी-तरवडांत वटवट्यांची गर्दी होते. फजरच्या नमाजनंतर अर्धा तास भिंतीबाहेर शांत उभे राहिले तर तीन जातींचे आवाज सहज ऐकू येतात.

कब्रस्तानाची साफसफाई साधारणपणे शब-ए-बरातच्या आधी होते. सध्या ती हिवाळ्यात पडते, गवत वाळलेले असते, पिल्ले केव्हाच उडून गेलेली असतात. कुणाचे काही बिघडत नाही. पण आपले महिने चंद्राचे. दरवर्षी ते दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, आणि येत्या बारा-पंधरा वर्षांत शब-ए-बरात ऑगस्ट-सप्टेंबरात येईल, ऐन घरट्यांच्या दिवसांत. तेव्हा सगळे गवत एका दिवसात साफ झाले तर त्यातली अंडी-पिल्लेही जातील. तणनाशक फवारण्याची नवी सोय तर त्याहून वाईट, कारण त्याने मुळेच मरतात.

ओळखीच्या एका गावात आम्ही ही गोष्ट जमातीच्या बैठकीत काढली. थोडी हसाहसी झाली, ‘पिद्दीसाठी बैठक’ म्हणून. मग एका बुजुर्गांनी विचारले, “कबरींपर्यंत जायला वाट किती लागते?” हिशेब झाला. वाटा आणि कबरींच्या भोवतालची हातभर जागा विळ्याने कापायची, मागच्या भिंतीकडचा रिकामा पट्टा पाऊस संपेपर्यंत राहू द्यायचा, आणि नंतर ते गवत मेंढ्या असलेल्याने कापून न्यायचे, असे ठरले. यंदा त्या पट्ट्यात साध्या वटवट्याची दोन घरटी होती. कार्तिकात धनगराने गवत कापून नेले, तेव्हा रिकाम्या घरट्यांची दोन ताटे त्याने बाजूला काढून शाळेत पाठवून दिली. ती आता वर्गातल्या कपाटावर आहेत.