राखेची वीट आणि नागपूर परिसरातील लघुउद्योग

नागपूर शहराच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा ही दोन मोठी औष्णिक विद्युत केंद्रे आहेत. कोराडी येथील पहिला संच १९७४ साली सुरू झाला. विजेबरोबर या केंद्रांतून राखही निर्माण होते, आणि तिचे परिमाण सामान्य माणसाच्या कल्पनेपलीकडचे आहे. भारतीय दगडी कोळशात राखेचा अंश शेकडा ३० ते ४० इतका असतो. म्हणजे १०० टन कोळसा जाळला की ३०-४० टन राख मागे उरते. तिचा सुमारे चार पंचमांश भाग पिठासारखा बारीक असून धुराबरोबर वर जातो व धुरांड्यापूर्वीच यंत्राने अडविला जातो. उरलेली जाड राख भट्टीच्या तळाशी पडते. ज्या राखेस ग्राहक मिळत नाही ती पाण्यात कालवून नळांवाटे बंधाऱ्यात सोडली जाते.

हा बंधारा म्हणजे परिसरातील गावांच्या उशाशी ठेवलेला धोकाच होय. जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी नाल्यांत व शेतांत शिरले. साहजिकच, जितकी राख बंधाऱ्यात जाण्यापूर्वी उपयोगात येईल तितके बरे.

या उपयोगाचा एक मार्ग लघुउद्योजकांच्या आवाक्यातील आहे, तो म्हणजे राखेच्या विटांचा. राखेतील सिलिका व चुना यांचा पाण्याच्या सान्निध्यात संयोग होऊन सिमेंटसारखा घट्ट पदार्थ तयार होतो, हे या विटेमागील तत्त्व आहे. निम्म्याहून अधिक राख, त्यात चुना व जिप्सम किंवा त्यांऐवजी सिमेंट, आणि वाळू अथवा दगडाची भुकटी असे मिश्रण यंत्रात कालवून साच्यात दाबतात. नंतर दोन-तीन आठवडे विटांवर पाणी मारावे लागते. भट्टी नाही, सरपण नाही, आणि शेतातील वरच्या थराची कसदार माती खरवडणेही नाही.

पारंपरिक वीटभट्टीवाल्यांनाही राख परकी नाही. विदर्भातील काळ्या मातीची वीट वाळताना तडकते. मातीत राख मिसळल्यास हा दोष कमी होतो. केंद्र शासनाच्या सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील भट्ट्यांना मातीत किमान शेकडा २५ राख मिसळणे बंधनकारक केले होते. शेतोशेती विखुरलेल्या भट्ट्यांवर असा नियम लागू करणे किती कठीण असते, हे तलाठ्यांना वेगळे सांगावयास नको.

लहान कारखानदाराची खरी अडचण निराळीच आहे. त्याला हवी असलेली कोरडी बारीक राख सिमेंट कारखान्यांनाही हवी असते. बंधाऱ्यातील राख मुबलक असली तरी ती जाडीभरडी व कमी क्रियाशील असल्याने तिच्यापासून तितकी भक्कम वीट होत नाही. म्हणूनच २००९ च्या दुरुस्तीत किमान शेकडा २० कोरडी राख वीट-उत्पादकांना प्राधान्याने व विनामूल्य देण्याची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये राखेच्या वापराविषयी स्वतंत्र धोरण स्वीकारले. तर ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने संपूर्ण राखेचा विनियोग ही विद्युत केंद्रांचीच जबाबदारी ठरविली आणि कसूर झाल्यास टनामागे १,००० रुपये भरपाई निश्चित केली. राख ठेवणेच महाग झाले, तरच ती देण्याची तत्परता वाढेल, हा त्यामागील विचार रास्त वाटतो.

तथापि कच्चा माल फुकट मिळाला म्हणजे धंदा चालतो असे नव्हे. पाणी मारण्याचे दिवस वाचवून घाईने विकलेली वीट भिंतीत भुगा होते आणि एका कारखानदाराच्या घाईपायी साऱ्या तालुक्यात राखेच्या विटेचे नाव जाते. शाळाखोली वा घरकुलासाठी विटा घेताना ग्रामपंचायतीने एक साधी परीक्षा अवश्य करावी. कोरडी वीट वजन करून २४ तास थंड पाण्यात बुडवावी व पुसून पुन्हा वजन करावे. सर्वसाधारण वर्गाच्या विटेचे वजन शेकडा २० पेक्षा अधिक वाढू नये. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या आत राहिली पाहिजे. दाबशक्तीची चाचणी मात्र प्रयोगशाळेतच करून घ्यावी लागते.

चांगली वीट करणाराही बुडतो तो थकलेल्या बिलांमुळे. त्याने राख वाहून आणण्याचे भाडे, मजुरी व वीज यांचा खर्च रोख केलेला असतो. कंत्राटदार मात्र वरून पैसे आले की देऊ म्हणतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु उत्पादकांची देयके लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकती करावी लागतात. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते आणि सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी उत्पादकाने मालाचा पुरवठा करण्यापूर्वीच ‘उद्यम’ नोंदणी केलेली असावी. ही नोंदणी निःशुल्क आहे.