स्नेहमेळावा दोन दिवसांचा, नोंद पिढ्यांची

माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा म्हटला की शनिवारी नावनोंदणी, जुन्या वर्गात हजेरीचा खेळ, सायंकाळी गाण्यांची मैफल आणि रविवारी गुरुजनांचा सत्कार असा क्रम ठरलेला असतो. गोव्यातील महाविद्यालयांच्या बाबतीत मात्र या दोन दिवसांना आणखी एक अर्थ आहे.

मुक्तीपूर्वी येथे १८४२ साली स्थापन झालेली वैद्यकीय शाळा होती. परंतु कला वा विज्ञान शाखेच्या पदवीसाठी मुंबई, पुणे, बेळगाव वा धारवाड गाठावे लागे. १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झाले. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये आले. तोवर पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळे. गोव्यातच राहून पदवीधर झालेली ती पहिली पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. तिच्या आठवणी टिपून ठेवण्यासाठी फार वर्षे हाताशी नाहीत.

म्हणूनच मेळाव्याआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात. हौशी मित्रमंडळ आणि नोंदणीकृत संघटना यांत फरक आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणी झाली की संघटनेला घटना, निवडून आलेली कार्यकारिणी, स्वतःचे बँक खाते आणि हिशेबतपासणी प्राप्त होते. ‘नॅक’च्या मूल्यांकनातही माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा विचार होतो.

देणगीच्या बाबतीत गोव्यापुढे एक विशेष पेच आहे. भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. परंतु पोर्तुगीज वा अन्य नागरिकत्व स्वीकारलेल्या वर्गमित्राची देणगी, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरीही, परकीयच मानली जाते. ती घेण्यासाठी परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली नोंदणी वा पूर्वपरवानगी लागते. लिस्बन किंवा लंडनहून आलेला मित्र उत्साहाने शिष्यवृत्तीची घोषणा करतो आणि खजिनदार अडचणीत येतो, तो येथेच. आयोजकांनी ही चौकशी आधीच करावी.

पैशाविनाही पुष्कळ करता येते. एका शांत खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय करून ज्येष्ठांना बोलते करावे: महाविद्यालयात कसे येत असत, पुस्तके कुठून मिळत, घरातून मुलींना कोणी पाठवले, कोणी अडवले. घरोघरी पडून असलेली वार्षिके आणि छायाचित्रे मागवून त्यांच्या प्रती काढाव्यात व मूळ वस्तू परत कराव्यात. रविवारी समूहछायाचित्र काढल्यावर रांगेनुसार नावे लगेच लिहून घ्यावीत. जुन्या छायाचित्रांतील चेहरे ओळखू शकणारी माणसे त्या दुपारी अंगणातच असतात. पुढच्या मेळाव्याला ती सर्व असतीलच असे नाही.