डमरूचा बांधा शिवावा लागतो

पॅरिसमध्ये १२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिस्तियाँ दिओरने आपला पहिला कपडेसंग्रह दाखवला. त्यातला ‘बार’ सूट आजही ‘अवरग्लास’ बांध्याचा नमुना म्हणून छापला जातो. युरोपला वाळूचे घड्याळ आठवले. आपल्याला डमरू जवळचा. वर फिकट रेशमी जाकीट, खाली काळा, चुण्यांचा, घेरदार लोकरी स्कर्ट. चित्रात नजर थेट कमरेवर जाते. पण खरी कारागिरी आत आहे. खांदे उतरते ठेवलेले, जाकिटाचा कमरेखालचा घेर भर घालून फुगवलेला, कापडाने ताठ उभे राहावे म्हणून आत अस्तर. कंबर आवळली तेवढेच तिच्या खालचे अंग वाढवले. बारीक कंबर हा शेजारच्या मापांशी तुलनेचा खेळ असतो, आणि ती तुलना शिंपी घडवतो. हा आकार बाईच्या अंगाचा म्हणून मिरवला जातो. मुळात तो शिवणकामाचा आहे.

अंगांची मोजदादही हेच सांगते. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी सहा हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांची स्कॅनरने घेतलेली मापे तपासली. सुमारे ४६ टक्के बांधे सरळसोट निघाले, डमरूचे जेमतेम ८ टक्के. सीमारेषा कुठे आखायची यावर हे आकडे थोडे हलतील, पण अपवादाचा नियम होण्याइतके नाहीत. सरळ बांध्याची बाई डमरूच्या बेताचा झगा चढवते तेव्हा चेन कमरेशी अडते आणि नितंबांवर कापड लोंबते. दोष बेताचा, बोल मात्र पोटाला!

यावर शास्त्राचा दाखला येतो. देवेंद्र सिंह या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये दाखवले, की कंबर आणि नितंब यांचे गुणोत्तर ०.७ असलेली स्त्रीची रेखाचित्रे लोकांना अधिक आवडतात. म्हणजे ही आवड निसर्गदत्त? पण १९९८ मध्ये पेरूच्या दुर्गम भागातल्या मात्सिगेंका पुरुषांना तशीच चित्रे दाखवली, तर त्यांनी भरल्या कमरेला पसंती दिली. बाहेरच्या जगाशी ज्यांचा संबंध अधिक, त्यांची निवड अमेरिकेच्या जवळ सरकलेली होती. शिवाय एखादा आकार आवडणे वेगळे आणि तो बहुतेकींचा असणे वेगळे. आपल्या यक्षींच्या मूर्तींचे काय, असेही कुणी विचारेल. त्यांची कंबरही छिन्नीनेच काढली आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र असा, की बायकांनाच हे हवे होते. खरेच आहे. ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग १९४९ पर्यंत चालले. अशा काळात मीटरमागून मीटर कापड खाणारा स्कर्ट ही चैनच होती. अमेरिकेत काही बायका निषेधाचे फलक घेऊन उभ्या राहिल्या, तरी अनेकींना तो घेर हवाहवासा वाटला. त्या हौसेत काही वावगे नाही. कपड्याने आकार द्यावाच. फक्त तो कपड्याच्या नावावर मांडावा. आपल्याकडे ब्लाऊज शिवणारी बाई नेमके हेच करते. साडीला साइज नसते, त्यामुळे अंगाशी बसण्याचा सगळा भार ब्लाऊजवर. ती छाती घेते, कंबर घेते, खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंत टेप लावते; तुमचा बांधा कोणता, हे विचारत नाही. घट्ट झाला तर उसवते, कारण शिवणीच्या आत तिने इंचभर माया ठेवलेली असते. तयार कपड्यात ती क्वचितच सापडते.