भांडणातली वीस मिनिटे

नवरा-बायकोच्या भांडणात बरोबर कोण, हा वाद जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बाजूला ठेवला आणि दोघांची नाडी मोजली. १९८०च्या दशकात त्यांनी जोडप्यांना समोरासमोर बसवले आणि घरात ज्यावरून खटके उडतात त्याच विषयावर बोलायला सांगितले. तेव्हा हृदयाचे ठोके, घाम, हालचाली सगळे नोंदले जात होते. पुढे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गॉटमन यांनी अशा निरीक्षणासाठी एक सदनिकाच सजवली.

संताप चढला की शरीर संकटाशी झुंजायच्या तयारीला लागते. अ‍ॅड्रेनलिन वाढते, स्नायू ताठतात. गॉटमन सांगतात की ठोके मिनिटाला १०० च्या पुढे गेले की समोरच्याचे शब्द कानावर पडतात, पण आत पोचत नाहीत. अशा वेळी ‘शांतपणे बोलून टाकू’ हा आग्रह फोल असतो.

एका प्रयोगात संशोधकांनी १५ मिनिटांनी भांडण थांबवले, उपकरणे नीट करायची आहेत असे सांगितले आणि अर्धा तास मासिके वाचायला दिली. विषय काढायचा नाही, एवढीच अट. पुन्हा बोलायला बसले तेव्हा ठोके उतरले होते आणि बोलण्याचा सूरही बदलला होता.

घटस्फोटाचे भाकीत ९० टक्क्यांहून अधिक अचूक करता येते, हा गॉटमन यांचा गाजलेला दावा मला तितकासा पटत नाही. निकाल माहीत झाल्यावर सूत्र बसवले, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. भांडण मध्येच थांबवण्याच्या या विरामाचे मोल मात्र मला फार वाटते, कारण तो जोडीदार सुधारण्याची वाट पाहत नाही. आपली नाडी आपणच उतरवायची असते.

त्यासाठी किमान वीस मिनिटे लागतात, तीही मनात ‘ती असं बोललीच कशी’ घोळवत काढली नाहीत तरच. अपमान उगाळत बसले की शरीर तापलेलेच राहते. त्यापेक्षा एक फेरी मारून यावी, भाजी निवडावी. आणि जाताना परत कधी बोलायचे ते सांगून जावे: ‘आत्ता मला सुधरत नाहीये, जेवणं झाली की बोलू.’ हे न सांगता उठून गेले, तर समोरच्याला तो अबोलाच वाटतो, आणि अबोल्याने घरे किती पोखरली जातात हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

परतल्यावर तंटा मिटेलच असे नाही. गॉटमन यांना जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचे आढळले, आणि त्यात सुखाने नांदणारी जोडपीही होती.