तीन एकर, एक विहीर

बँकेच्या नोकरीत तीसेक वर्षं मी दुसऱ्यांचे जमाखर्च तपासले. त्यातली निम्मी पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण शाखांत गेली. विहीर, पंप, पाइपलाइन यांची कर्जं हा तिथला रोजचा व्यवहार. सातबारा, पाण्याचा दाखला, पंपाची अश्वशक्ती, जामीनदारांच्या सह्या, सगळं फायलीत असायचं. पण एका वर्षीचं पाणी बघून सात-सात, नऊ-नऊ वर्षांचे हप्ते बांधले जात, याचं मला तेव्हाही नवल वाटे. पगारदाराला आपण पहिल्यांदा विचारतो, महिन्याला हातात किती पडतात? कोरडवाहू शेतकऱ्याला पावसाबद्दल तोच प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

हिशेब सोपा आहे. एक मिलीमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलं. एकरावर चार हजार. पुरंदरसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात वर्षाला पाचशे मिलीमीटर धरू. म्हणजे तीन एकरांच्या रानात साठ लाख लिटर पाणी पडलं. आकडा ऐकून छाती फुगते. पण एक एकर उसाला वर्षभरात दोन हजार मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे ऐंशी लाख लिटर पाणी लागतं. तीन एकरांवरचा थेंब न् थेंब गोळा केला, तरी एक एकर ऊस भागत नाही! आणि थेंब न् थेंब कुठला गोळा होणार? बरंचसं उन्हानं उडतं, काही ओढ्याला जातं आणि जाताना बांधाखालची चांगली मातीही घेऊन जातं.

याउलट घराचा खर्च पाहा. पाच माणसं, माणशी रोज पंचावन्न लिटर, म्हणजे वर्षाला एक लाख लिटर. दोन गाई आणि एक कालवड यांचे साठ-सत्तर हजार. दोन गुंठे भाजीला आठ महिन्यांचे अडीच लाख. सगळं मिळून साडेचार लाखांच्या आत. रब्बी ज्वारीला एकरी अठरा-वीस लाख लिटर लागतात खरे, पण त्यातला मोठा वाटा काळ्या मातीनं पावसाळ्यात स्वतःच्या पोटात साठवून ठेवलेला असतो. तो ना पंपाने उपसावा लागतो, ना त्याचं वीजबिल येतं. घर चालण्याइतकं पाणी लहान शेतात असतं. घर चालवून शिवाय कारखान्याला ऊस घालण्याइतकं नसतं.

अशा एका घराशी माझा कर्जाच्या निमित्ताने जुना संबंध आहे. नावगाव मुद्दामच देत नाही. तीन एकर जमीन, उतारावरची. वरचा एकर मुरमाड, तिथे सीताफळ. सीताफळाचं झाड मोठं शहाणं. उन्हाळ्यात पानं गाळून गप्प उभं राहतं, पाणी मागत नाही. मधल्या एकरात बाजरी, मटकी, कधी वाटाणा. खालचा एकर काळा, ज्वारी-हरभऱ्याचा. तिथेच चाळीस फुटांची विहीर. उताराला आडवे बांध, बांधावर गवत आणि शेवगा. गोठ्यातलं शेण-मूत सगळं खड्ड्यात, पाचोळा झाडांच्या बुडाशी. न्हाणीचं पाणी केळीच्या चार खुंटांना. पाहुण्याला यात काहीच विशेष दिसत नाही. पण दसऱ्याला घरची बाई विहिरीत दोरी सोडून पाणी मोजते आणि त्यावर रब्बीत किती गुंठे पेरायचे ते ठरतं. एका दुष्काळी साली त्यांनी हरभरा अर्ध्यावर आणला आणि गाई मात्र राखल्या. शेजारच्यांनी पेरणी पुरी केली आणि फेब्रुवारीत जनावरं बाजारात नेली.

या घरातल्या थोरल्या मुलाला बोअर घ्यायची होती. तरुण माणूस, रस्त्यापलीकडे हिरवं रान दिसतं, त्याचा राग येणं स्वाभाविक. त्याने मला विचारलं, ‘काका, कर्ज मिळेल का?’ म्हटलं, कर्ज मिळेल, पाण्याचं सांगत नाही. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा. या खडकात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींत. खोल जाऊन जे लागतं ते बहुधा फार वर्षांचं साठलेलं, परत लवकर न भरणारं. बँकेच्या भाषेत मुदत ठेव मोडणं! शेततळ्याची गोष्टही तीच. वीस मीटर लांब, वीस रुंद, तीन खोल तळ्यात पावणेनऊ लाख लिटर पाणी मावतं. पावसाच्या वाहत्या पाण्याने ते भरलं तर सोनं. पण प्लास्टिक अंथरून, विहिरी-बोअरी उपसून ते भरण्याची जी चाल पडली आहे, तिच्यात सगळ्यांच्या मालकीचं भूजल एकाच्या तळ्यात येतं आणि उन्हाळ्यात त्यातला मीटरभर थर हवेत उडून जातो. ही कसली बचत?

याच पुरंदरात, नायगावला, विलासराव साळुंखे यांनी 1972च्या दुष्काळानंतर हा हिशेब माणसांसमोर मांडला. साळुंखे पुण्यातले कारखानदार, व्यवसायाने अभियंता. देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन त्यांनी कराराने घेतली, बांध घातले, पाणी अडवून मुरवलं. पण त्यांचं मोठं काम बांधांचं नव्हे, नियमांचं. पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या प्रमाणात वाटायचं ठरलं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी घालायचा. आणि ऊस नाही. साळुंखे 2002 साली गेले. त्यांचा विचार सगळीकडे मान्य झाला असं म्हणता येणार नाही. आपल्या कायद्याने विहीर अजून ज्याची जमीन त्याचीच राहते.

हा नियम त्या तीन एकरांच्या घरात एकदम अंगणात येऊन उभा राहिला. वडील गेले. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने 1994 साली दिला, देशाने 2005 साली. जमिनीची वाटणी कागदावर होते; विहिरीचं काय? ती एकच, धाकट्याच्या वाट्याला जाणाऱ्या खालच्या एकरात. कादंबरीत विहीर आली की कोणीतरी तिच्यात उडी टाकतं, हा आम्हा लेखकांचा आळस. प्रत्यक्षात विहिरीवरून माणसं तीस-तीस वर्षं कोर्टात हेलपाटे घालतात, ते लिहायला कंटाळवाणं असतं.

थोरल्याचं म्हणणं, बहीण पुण्यात राहते, तिला पाणी कशाला? बहीण म्हणाली, हक्कसोडपत्रावर सही मागता ती मी करत नाही. माझ्या एकराला पाणी नसलं तर तुम्ही मला जमीन दिली की दगड दिले? दोन दिवाळ्या कोणी कोणाशी धड बोललं नाही. मला मध्यस्थ म्हणून बोलावलं होतं. मी आपला कागद-पेन्सिल घेऊन बसलो, पण मार्ग आईने काढला. ती म्हणाली, जमीन तुम्ही कशीही कापा, पाण्याचे चार वाटे होतील. आठ दिवसांची पाळी: दोन-दोन दिवस तिघा भावंडांचे, दोन माझे. माझ्या दिवसात आधी घरचा हंडा आणि गाई, उरलं तर ज्याचं पीक वाळतंय त्याला. आणि मी गेले की माझी पाळी विहिरीची, कोणाची नाही.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त पाळीची नोंद झाली आहे. आईच्या दोन दिवसांचं पुढे काय करायचं, हे तलाठ्यालाही लिहिता आलं नाही. बहिणीने वरच्या एकरात गेल्या पावसाळ्यात आणखी सीताफळं लावली. तिच्या पाळीचं पाणी धाकटा भाऊ देतो. थोरला अजून बोअरचं नाव काढतो, पण दसऱ्याला दोरी आता तोच सोडतो.