पैसे भरून धावायचं, आणि जिंकायचंही नाही?



मे महिन्यातल्या एका गुरुवारी मी आशदोदला मावशीला फोन केला. मावशी ८६ वर्षांची आहे, कान तल्लख आणि जीभ त्याहून. बोलता बोलता मी सांगितलं की रविवारी सिडनीत एकवीस किलोमीटर धावणार आहे, पण जोरात नाही, आरामात, फक्त सराव म्हणून. पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग तिने विचारलं, "फी किती भरलीस?" मी आकडा सांगितला. त्याचे शेकेल किती होतात हेही तिने विचारून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे एवढे पैसे भरून धावायचं, आणि जिंकायचं पण नाय? अरे, मग घरासमोर फुकट का धावत नाहीस?"

प्रश्न अगदी रास्त आहे. तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं-नातवंडं हल्ली असं काहीतरी करत असतात, मग ती मुंबईत असोत, तेल अवीवमध्ये असोत की इथे ऑस्ट्रेलियात. फोनवर ती "हाफ मॅरेथॉन सोपी म्हणून करतोय" असं काहीतरी सांगतात आणि आपल्याला अर्थ लागत नाही. म्हणून मावशीला जे तुकड्या-तुकड्यांत सांगितलं ते इथे जरा नीट लिहितो.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हाफ मॅरेथॉन त्याच्या बरोबर निम्मी, म्हणजे २१.१ किलोमीटरला जराशी कमी. ठाणे स्टेशनपासून दादर याहून थोडं लांब पडतं. सिडनीत दरवर्षी मे महिन्यात शहराच्या मध्यभागी अशी एक शर्यत होते. १९९२ पासून चालू आहे आणि पूर्वी 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड' या वर्तमानपत्राच्या नावाने लोक तिला ओळखत. मार्ग कधीमधी थोडा बदलतो, पण हाइड पार्कचा परिसर, जुन्या गोदीजवळचा रॉक्स, पिरमाँट, आणि बोटॅनिक गार्डनच्या कडेने समुद्राकडे जाणारा रस्ता, असा साधारण तो भाग. आपल्यापैकी जे सिडनीला येऊन गेलेत त्यांना आठवेल, हाइड पार्कच्या समोरच एलिझाबेथ स्ट्रीटवर १८७८ सालचं ग्रेट सिनागॉग आहे. रस्ता सपाट मात्र नाही. नकाशात कळत नाही, पायांना कळतं.

या शर्यतीनंतर साधारण तीन महिन्यांनी, ऑगस्टअखेर, पूर्ण सिडनी मॅरेथॉन असते. २००० च्या ऑलिंपिकनंतर ती सुरू झाली. नॉर्थ सिडनीतून निघून हार्बर ब्रिजवरून शहरात उतरते आणि ऑपेरा हाउसपाशी संपते. २०२५ पासून ती बोस्टन, लंडन, बर्लिन, शिकागो, न्यूयॉर्क, टोकियो यांच्या पंक्तीत, जगातल्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये गणली जाऊ लागली. मला ती एकदा तरी पुरी करायची आहे. मेमधली अर्धी ही ऑगस्टमधल्या पुऱ्या मॅरेथॉनची तयारी.

आता 'आरामात' का, ते सांगतो. इथे माझी स्वतःची फजिती सांगावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी हीच शर्यत मी धावलो. तेव्हाही बेत सरावाचाच होता. पण पहाटेची बारा-तेरा अंशांची थंडी, हजारो माणसं, लाउडस्पीकरवरचं संगीत, आणि पहिला रस्ता उताराचा. मी ठरवलं होतं किलोमीटरला सव्वासात मिनिटं. घड्याळात पाहतो तर पावणेसहा! बरं वाटत होतं, म्हणून तसाच राहिलो. पहिल्या पाच किलोमीटरात सगळ्यांनाच बरं वाटतं. पंधराव्याला पोटरी आखडली, अठराव्याला एक चढ आला आणि मी कठडा धरून उभा. शेवटचे तीन किलोमीटर लंगडत चाललो. पोटरीचा स्नायू दुखावला होता. सहा आठवडे पळणं बंद, आणि ऑगस्टची मॅरेथॉन गेली ती गेलीच.

पण त्याहून वाईट म्हणजे घरी आल्यावर बायकोचा चेहरा. माझे बाबा ठाण्याला वयाच्या ५९ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. मी आज ६१ वर्षांचा आहे, साखर थोडी वाढलेली आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी ट्रेडमिलवर तपासणी करून मला धावायला परवानगी दिली होती, पण ती अशा वेडेपणाला नव्हती. बायको त्या दिवशी काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं मला अजून आठवतं.

तर शरीरात काय होतं ते पाहू. माणूस बेताच्या गतीने बराच वेळ धावतो तेव्हा स्नायूंमध्ये रक्ताच्या बारीक बारीक नळ्या हळूहळू वाढतात. कोकणातल्या वाडीत विहिरीचं पाणी पाटाने झाडांना देतात ना, तसं समजा. पाट जितके जास्त तितकं पाणी शेवटच्या माडापर्यंत पोचतं. त्याच वेळी पेशींमधले ऊर्जा तयार करणारे भागही वाढतात, आणि शरीर चरबी जाळायला शिकते. हे महत्त्वाचं, कारण साखरेचा साठा शरीरात फार थोडा असतो, स्नायू आणि यकृत मिळून जेमतेम अर्धा किलो किंवा थोडा जास्त. जोरात धावलं की तोच भराभर संपतो, आणि संपला की पाय शिशाचे होतात. शिवाय हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण सांध्यांजवळचे कंडरे सावकाश मजबूत होतात. आमच्या वयात तर फारच सावकाश. दम असतो, म्हणून माणूस जोरात जातो, आणि पोटरी जाते.

ही गोष्ट जगाला नीट समजावली ती आमच्या शेजारच्या न्यूझीलंडमधल्या आर्थर लिडियार्ड नावाच्या प्रशिक्षकाने. पूर्वी ते बुटांच्या कारखान्यात कामाला होते. त्यांच्या पीटर स्नेलने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्णपदक मिळवलं, म्हणजे दोन मिनिटांच्या आत संपणारी शर्यत. आणि हा स्नेल रविवारी डोंगरातून ३५ किलोमीटर पळायचा! पुढे लिडियार्डनी ऑकलंडमध्ये मध्यमवयीन, सुटलेल्या पोटांच्या, हृदयविकार झालेल्या माणसांनाही हळूहळू पळायला लावलं. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतले नावाजलेले प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे आले. पन्नाशीचे होते. अशा एका गटाबरोबर पळायला गेले, आणि सत्तरी ओलांडलेला एक गृहस्थ त्यांना मागे टाकून, वर थांबून थांबून सोबत करत होता. बॉवरमन लाजले, शिकले, आणि परत जाऊन त्यांनी अमेरिकेला 'जॉगिंग' शिकवलं.

'आरामात' म्हणजे किती हळू? पुस्तकात एक ढोबळ हिशोब असतो: २२० मधून वय वजा करा, म्हणजे नाडीची कमाल गती, तिच्या सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या आत राहा. माझं वय ६१, तर कमाल १५९, आणि आराम म्हणजे साधारण ११०-१२० ठोके. पण हा हिशोब एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद होते. म्हणून मला बोलण्याची कसोटी जास्त पटते. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर गती जास्त.

यंदा बायकोने हीच कसोटी उचलली आणि अट घातली. "अर्ध्या वाटेवर मला फोन करायचा. धाप ऐकू आली तर तिथूनच टॅक्सी करून घरी यायचं. मंजूर असेल तर जा."

मंजूर केलं.

मग घरासमोर फुकट का नाही? मावशीच्या प्रश्नाला उत्तर आहे. एकवीस किलोमीटर एकट्याने धावायला सिडनीत रहदारी, सिग्नल, तहान सगळंच आडवं येतं. शर्यतीत रस्ते बंद असतात, ठराविक अंतरावर पाणी मिळतं, मदतीला माणसं असतात. शिवाय पहाटे उठणं, गर्दीत रांगेत उभं राहणं, भरल्या टेबलावरून पेला उचलून न सांडता पिणं, या सगळ्याची तालीम होते. आणि सर्वांत अवघड तालीम म्हणजे लोक पुढे जात असताना आपण आपल्याच गतीने राहणं. ती घरासमोर होत नाही. तिथे पुढे जाणारं कोणी नसतं.

शर्यत रविवारी असते हे आपल्या दृष्टीने बरं. पण धावपटूचा नंबर घ्यायला वगैरे शनिवारी जावं लागू नये म्हणून ते काम मी आधीच उरकतो. शब्बाथला पूर्ण विश्रांती होते, धावण्याच्या आदल्या दिवशी हवी असते तशी. एरवी मुलांना शब्बाथला पाय पसरून बसा म्हटलं तर ऐकत नाहीत, इथे मात्र प्रशिक्षकही तेच सांगतो. संध्याकाळी हवदाला झाल्यावर साधं वरण-भात, थोडी चपाती, तिखट नाही. लवकर झोप. धावताना लोक चिकट गोड जेलच्या पुड्या चोखतात. मला त्या आवडत नाहीत. खजुराच्या बिया काढून रुमालात बांधून नेतो, दर चाळीस मिनिटांनी दोन. पाणी तहानेप्रमाणे. प्रत्येक टेबलावर ढोसत सुटणंही धोक्याचं असतं. पाणी अति झालं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस भोवळ येऊन पडतो.

तर यंदाचा रविवार. पहिल्याच किलोमीटरात शेकडो माणसं मला मागे टाकून गेली. कुत्र्याचा पोशाख घातलेला एक जण गेला. बाळाच्या वयाची वाटणारी पोरं गेली. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी एक बाई गेली, आणि तेव्हा मात्र पाय आपोआप वाढले. ते परत आवरायला मला अर्धा किलोमीटर लागला, खरं सांगतो. पाण्याच्या टेबलांपाशी चालत जायचं असं मी ठरवलं होतं, तसा चाललो. चढावर पावलं छोटी केली. पिरमाँटजवळ फोन काढून बायकोला लावला. तिने मुद्दाम लांबलचक प्रश्न विचारले: गॅसवाल्याचं बिल कुठे ठेवलंय, संध्याकाळी कोण येणार आहे, मासे कुठले आणायचे. मी सगळी उत्तरं पूर्ण वाक्यांत दिली. "बरं, जा," म्हणाली.

ऑस्ट्रेलियात हळू धावणाऱ्यांना एक मोठा आधार आहे, तो म्हणजे क्लिफ यंग. व्हिक्टोरियातल्या बीच फॉरेस्टचे बटाटे पिकवणारे शेतकरी. १९८३ मध्ये सिडनी ते मेलबर्न ८७५ किलोमीटरच्या शर्यतीला उभे राहिले, तेव्हा वय ६१, म्हणजे माझ्याएवढेच. शेतावर गमबूट घालून मेंढरांमागे पळायची सवय. बाकीचे तगडे धावपटू पुढे निघून गेले, हे मागून पाय घासत, फरफटत. पण रात्री इतर झोपले आणि हे चालतच राहिले. ५ दिवस १५ तास ४ मिनिटांत सगळ्यांच्या आधी मेलबर्नला. बक्षिसाचे १०,००० डॉलर त्यांनी इतर धावपटूंना वाटून टाकले. लोक त्यांच्या फरफटत्या चालीला हसले होते. पुढे लांब पल्ल्याच्या कित्येकांनी तीच चाल उचलली, कारण तिच्यात ताकद कमी खर्च होते.

मला २ तास ३३ मिनिटं लागली. कधीकाळी हेच अंतर मी २ तास १० मिनिटांत केलं आहे. पण जिवावर उठून धावल्यावर दोन आठवडे पाय आपले नसतात. यंदा मंगळवारी जिना उतरताना कठडा धरावा लागला नाही, आणि गुरुवारी पुन्हा सरावाला बाहेर पडलो. ऑगस्टपर्यंतचं वेळापत्रक शाबूत आहे.

ज्यांना धावायचं नाही, फक्त संध्याकाळी चालायचं आहे, त्यांनाही बोलण्याची कसोटी लागू पडते. सोबत्याशी गप्पा मारता याव्यात, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग ठेवावा. छातीत दडपण आलं, हात किंवा जबडा दुखू लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबावं आणि लगेच मदत बोलवावी. "घरापर्यंत जाऊ आणि मग बघू" असं बाबा म्हणाले होते.

रविवारी दुपारी मावशीचा फोन आला. तिकडे अजून सकाळ होती. "कितवा आलास?" मी सांगितलं, हजारोंच्या मागे. "आणि पदक?" म्हटलं, पुरी करणाऱ्या सगळ्यांना देतात. ती जरा थांबली. "मग माझ्यासाठी ठेव. पुढच्या वेळी येशील तेव्हा आण, मी शेजारणीला दाखवीन. कितवा ते नाय सांगणार."